शेल्फची प्रगती: ओरिजिनल आणि प्लॅटिनम एकाच रांगेत

मंडळी, पाऊस तोंडावर आलाय, त्याआधी माझ्या जुन्या व्हिडिओ गेमच्या शेल्फचा हिशेब मांडून ठेवतो. या वेळी मोठा बदल म्हणजे मांडणीच उलटवली. आधी गेम कन्सोलप्रमाणे लावले होते. आता एकाच गेमच्या सगळ्या आवृत्त्या शेजारी शेजारी: पहिल्या छपाईची प्रत, तिच्या उजवीकडे प्लॅटिनम, म्हणजे स्वस्तातली पुनर्छपाई, त्यापुढे पीएस३ किंवा पीएस४ (प्लेस्टेशन ३, ४) वर आलेलं रिमास्टर, म्हणजे जुन्या गेमचं सुधारलेलं रूप. पाचपाखाडीतल्या आमच्या घरात भिंत एकच मोकळी आहे, त्यामुळे सगळ्या जोड्या अजून बसलेल्या नाहीत. पण जेवढ्या बसल्या त्यांच्यामुळे आपला नेहमीचा वाद जरा नीट तपासता आला. गेम पुन्हा बाजारात आला की मूळ प्रतीचा भाव पडतो का? आणि पुन्हा आलेल्या प्रतीला संग्रहात जागा द्यायची की नाही?

माझं मत आता पक्कं झालंय. गेम पुन्हा आला एवढ्यानेच मूळ प्रत स्वस्त होत नाही. मूळ प्रतीत जे जे होतं ते सगळं पुन्हा आलं, तरच भाव उतरतो. आणि सगळं सहसा येत नाही.

नवीन मंडळींसाठी थोडं आधीचं. आपल्याकडे पीएस२ आला तो युरोपच्या पाल (PAL, टीव्ही प्रक्षेपणाची एक पद्धत) पट्ट्यातला. त्यामुळे अमेरिकेतले लोक ‘ब्लॅक लेबल’ आणि ‘ग्रेटेस्ट हिट्स’ असा जो फरक करतात, तो आपल्याकडे साधी प्रत आणि रुपेरी कडेची प्लॅटिनम असा असतो. चांगला खपलेला गेम कमी किमतीत पुन्हा काढायचा, त्यासाठी हे लेबल. पण त्या काळात आपल्याकडे बहुतेक पीएस२ ना कॉपी केलेल्या डिस्का चालवणारी चिप बसवलेली असायची आणि गेम यायचे बर्न केलेल्या डीव्हीडीवर. खरी डिस्क घेणारी घरं मोजकीच, आणि त्यातली बरीचशी प्लॅटिनम स्वस्त झाल्यावर घेणारी. म्हणून ठाण्यात एखादा जुना खोका उघडला की प्लॅटिनमच आधी हाताला लागते. पहिल्या छपाईची प्रत निघाली तर तो दिवस चांगला.

खरी-खोटी ओळखायची सोपी खूण: डिस्क उलटी करा. पीएस२ चे सीडीवरचे गेम निळ्या बुडाचे, डीव्हीडीवरचे रुपेरी. जांभळट झाक दिसली की ती घरी बर्न केलेली, झेरॉक्स कव्हर कितीही सुबक असलं तरी.

आता ज्या जोडीने मला सगळ्यात जास्त शिकवलं ती, ‘इको’. पाल देशांत हा गेम २००२ मध्ये आला तो पुठ्ठ्याच्या वेष्टनात, आत चार चित्रकार्डं. कव्हरवरचं चित्र खुद्द दिग्दर्शक फुमितो उएदा यांनी काढलेलं: मोठं आकाश, लांब सावल्या, पवनचक्की आणि पळणारी दोन इवलीशी माणसं. इटलीच्या जॉर्जो दे किरिको या चित्रकाराच्या प्रभावाखालचं. पुढे २००६ मध्ये, उएदा यांच्याच ‘शॅडो ऑफ द कोलोसस’च्या सुमारास, ‘इको’ पुन्हा काढला तो साध्या प्लास्टिकच्या केसमध्ये. चित्र तेच, गेम तोच. मग २०११ मध्ये पीएस३ वर दोन्ही गेम एकत्र एचडीमध्ये आले, त्यातला ‘इको’ पाल आवृत्तीवरून केलेला. अमेरिकेतल्या पहिल्या आवृत्तीत गेम दुसऱ्यांदा खेळताना मिळणाऱ्या काही गोष्टी नव्हत्या, त्या पालमध्ये होत्या.

म्हणजे खेळणाऱ्याला २००२ ची प्रत शोधायची काही गरज उरलेली नाही. तरीही भाव टिकला तो पुठ्ठ्यामुळे आणि त्या चार कार्डांमुळे. माझ्याकडची प्रत टेबलावर घेऊन बसलो तेव्हा हे नीट दिसलं. वेष्टनाच्या घडीवर शाई उडून पांढरी रेघ आलीय. चारही कोपऱ्यांत पुठ्ठ्याचे पदर सुटायला लागलेत, खालचा डावा कोपरा तर बोटाने दाबला की मऊ लागतो. ही ओल आपल्या हवेची आहे, खाडीकाठच्या गावात ती चुकत नाही. कार्डं मात्र आत राहिल्यामुळे जशीच्या तशी, कडा धारदार. २००६ ची प्लास्टिकची प्रत शेजारीच ठेवलीय, तिला काहीही झालेलं नाही आणि पुढची वीस वर्षं होणारही नाही. नेमका त्यामुळेच भावात फरक पडतो. जे सहज खराब होतं ते चांगल्या अवस्थेत कमीच उरतं, आणि पुढच्या छपाईत ते मुळात दिलेलंच नव्हतं.

नेरुळचा माझा मित्र या बाबतीत फार कडक. प्लॅटिनम शेल्फवर नकोच, अशा मताचा. त्याला मी ‘जीटीए’ मालिकेतल्या ‘व्हाइस सिटी’ची जोडी दाखवली.

२००२ च्या पीएस२ डिस्कवर गेममधल्या गाडीत बसून फ्लॅश एफएम हे रेडिओ स्टेशन लावलं की मायकल जॅक्सनचं ‘बिली जीन’ लागतं. २०२१ च्या नोव्हेंबरात जी ‘डेफिनिटिव्ह एडिशन’ आली तिच्यात ते नाही. गाण्यांचे परवाने ठरावीक मुदतीचे असतात, मुदत संपली की गाणी काढावी लागतात. ‘जीटीए ४’ मधली बरीच गाणी गेम दहा वर्षांचा झाल्यावर, २०१८ मध्ये, अपडेटमधून गेली. पीसीवर विकत घेतलेल्या प्रतीतूनही गेली, कारण ती प्रत आपल्या हातात नव्हतीच. ‘सॅन अँड्रियास’चंही २०१४ मध्ये तेच झालं. डिस्कवर छापलेलं मात्र कुणाला काढता येत नाही.

पण मुद्दा पुढे आहे. ‘व्हाइस सिटी’च्या पीएस२ प्लॅटिनममध्येही ती गाणी शाबूत आहेत, कारण ती छपाई परवाने संपण्याच्या कितीतरी आधीची. म्हणजे स्वस्तातली रुपेरी प्रत आजच्या महागड्या रिमास्टरपेक्षा मूळच्या जास्त जवळची. मित्राने ऐकून घेतलं, मान्य केलं नाही. करेल.

तरी ‘व्हाइस सिटी’ महाग का नाही? कारण प्रती ढिगाने आहेत. मागणी कितीही असली तरी दुकानदाराच्या मागच्या खोक्यात अजून दोन पडलेल्या असतील तर भाव चढत नाही. निन्टेन्डोने २०२० च्या सप्टेंबरात ‘सुपर मारियो ३डी ऑल-स्टार्स’ काढलं आणि ३१ मार्च २०२१ नंतर विक्री बंद हे आधीच सांगून टाकलं. लोकांनी सील न फोडता साठवून ठेवलं. पण तेवढ्या मुदतीत ९० लाखांच्या आसपास प्रती खपल्या. ‘मर्यादित’ म्हणून विकलेल्या वस्तूच्या खरंच किती प्रती निघाल्या ते आधी बघावं, मग पाकिटाला हात घालावा.

याची उलटी बाजू म्हणजे पुन्हा निघालेली प्रत मूळ प्रतीपेक्षा सरस असणं. ‘सायलेंट हिल २’च्या अमेरिकन ग्रेटेस्ट हिट्स प्रतीत ‘बॉर्न फ्रॉम अ विश’ हा जादाचा भाग आहे, पहिल्या ब्लॅक लेबलमध्ये तो नाही. पाल देशांत तोच भाग ‘डायरेक्टर्स कट’मध्ये आला. पूर्ण गेम हवा असेल तर इथे दुसरी छपाईच घ्यावी लागते. आणि २०१२ चं एचडी कलेक्शन? ते अपुऱ्या सोर्स कोडवरून उभं केलेलं, धुकं विरळ, आवाज बदललेले. त्या आवृत्तीने पीएस२ च्या डिस्कांची किंमत लोकांना नव्याने पटवून दिली. २०२४ चा रीमेक मी या हिशेबात धरत नाही, तो वेगळाच गेम आहे.

ज्यांचं पुनरागमन झालंच नाही त्यांची गत आणखी निराळी. सेगा सॅटर्न या कन्सोलवरचा ‘पँझर ड्रॅगून सागा’, १९९८, चार डिस्कांचा, आजवर कुठेही पुन्हा निघालेला नाही. खेळायचं तरी मूळ प्रत, जमवायचं तरी मूळ प्रत, दोघेही एकाच रांगेत. ‘सुइकोडेन २’ एके काळी याच रांगेत होता. २०१४ मध्ये तो डिजिटल आला, २०२५ च्या मार्चमध्ये पहिल्या भागासोबत एचडी रिमास्टर आलं. नुसतं खेळायचं होतं ते बाहेर पडले. उरले ते आपल्यासारखे, केसची बिजागरी आणि मॅन्युअलची पानं तपासणारे.

२०२१ मध्ये सीलबंद ‘सुपर मारियो ६४’ लिलावात १५ लाख ६० हजार डॉलरला गेला, त्याबद्दल मला अजून विचारणा होते. हा गेम किती वेळा पुन्हा आला ते आठवा. तिथे बोली लागली ती सीलवर आणि ग्रेडवर, म्हणजे प्रतीच्या अवस्थेला मिळालेल्या गुणांवर. आपल्या शेल्फशी त्याचा काही संबंध नाही.

या हप्त्यातली खरी भर मात्र कळव्याहून आली. ओळखीच्या एका काकूंचा मुलगा परदेशी असतो, त्याचा जुना खोका माळ्यावर होता. मी डिस्कांबरोबरची मॅन्युअलं, वॉरंटी कार्डं, किमतीची स्टिकरं, सगळं वेगळं काढत बसलो तर काकू म्हणाल्या, “अरे, गेम चालतात ना? मग ती कागदं कशाला हवीत?”

“काकू, मला कागदंच जास्त हवीत.”

“मग पावसाआधी ने बाबा सगळं. माळ्यावर ओल येते.”

त्या खोक्यात ‘हनुमान: बॉय वॉरियर’ निघाला. २००९ चा, भारतात बनलेला पीएस२ गेम, आणि आपल्याकडेच विकला गेलेला. ना प्लॅटिनम, ना रिमास्टर, ना डिजिटल. गेम म्हणून तो साधारण आहे, हे मी खेळून सांगतोय. तरीही माझ्या शेल्फवर त्याची जागा ‘इको’च्या बरोबरीची. पालचा पूर्ण संच जमवणाऱ्या परदेशातल्या लोकांना तो तिकडे दुकानात कधी मिळालाच नाही, आणि आपल्याकडे तो रद्दीत जातोय. त्याच वर्षीचा ‘देसी अड्डा’ही असाच. या डिस्का जपायच्या तर त्या आपणच जपायला हव्यात.

‘हनुमान’च्या मॅन्युअलच्या पिना गंजल्या होत्या, मधल्या पानांवर तपकिरी ओघळ. बोथट चाकूने पिनांचे पाय सरळ करून त्या आतून काढल्या, पानं सुटी करून बटर पेपरमध्ये ठेवली. नवी पिन मारायची नाही असं ठरवलंय. मूळ भोकं तशीच राहू देत, पुढे कुणाला दोऱ्याने शिवायचं असेल तर शिवता येईल. गंजाचा डाग पुसायच्या फंदात पडू नका, शाई आधी निघते. शेल्फच्या प्रत्येक खणात सिलिका जेलच्या पुड्या टाकल्यात, आणि कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं पुढे ओढलंय.

पुढचं काम: ‘शॅडो ऑफ द कोलोसस’ची पुठ्ठ्याची पाल प्रत हवी आहे, चारही कार्डांसकट. कार्डं नसतील तर नको. ‘देसी अड्डा’ मॅन्युअलसह कुणाकडे जास्तीचा असेल तर कळवा. अदलाबदलीला माझ्याकडे ‘व्हाइस सिटी’ प्लॅटिनम आणि ‘इको’ची २००६ ची प्रत, दोन्ही जास्तीच्या, डिस्का स्वच्छ. नवी मुंबईकरांना सोयीचं म्हणून वाशी स्टेशनसमोरच्या रघुलीला मॉलमध्ये रविवारी सकाळी भेटू. डिस्क उलटी करून बघायला उजेड असेल अशा जागी बसू.