जॉन स्मिथचा उदोउदो कशासाठी?

एप्रिल संपत आला की मराठवाड्यातल्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मजकूर फिरायला लागतो. २८ एप्रिल १८१९, कॅप्टन जॉन स्मिथ, वाघाची शिकार, झाडीतून डोकावणारी भलीमोठी कमान आणि शेवटी "जगाला अजिंठा मिळाला!" त्याखाली वाद ठरलेला. एक बाजू म्हणते, तो नसता तर आपल्याला काही कळलंच नसतं, निदान आभार तरी माना. दुसरी म्हणते, इथली माणसं काय आंधळी होती? कोलंबस आणि वास्को द गामावरून जे भांडण होतं त्याचीच ही अजिंठ्याच्या परिसरातली, सिल्लोड-सोयगाव आवृत्ती, फक्त इथं भांडणारे तपशिलात फारसे शिरत नाहीत.

मत आधीच सांगून टाकलेलं बरं. स्मिथनं सत्कार करण्याजोगं काहीही केलेलं नाही. त्याचं नाव मात्र खांबावर राहू द्यावं, कारण पुरावा म्हणून ते फार उपयोगाचं आहे.

पुरावा आहे तरी किती? दहाव्या लेण्यातल्या एका खांबावर, रंगवलेल्या आकृतीवर ओरखडून कोरलेलं नाव आणि तारीख. बाकीचा वाघ, गुराखी पोरगा, समोरच्या कड्यावरून दिसलेली कमान हे सगळं ऐकीव, पिढ्यान् पिढ्या सजत गेलेलं. समोरच्या व्ह्यू पॉइंटवरून दहाव्या लेण्याची कमान ठळक दिसते हे खरं, म्हणून गोष्ट पटते. पण पटणं वेगळं आणि सिद्ध होणं वेगळं.

त्याच्या पलटणीचंच बघा. सगळीकडे "२८वी मद्रास कॅव्हलरी" असं छापतात. १८१९ साली मद्रास फौजेत देशी घोडदळाच्या रेजिमेंट होत्या आठ. घोडदळाला २८ हा आकडा मिळाला तो १९०३ मध्ये, सरसेनापती किचनेरच्या काळात सगळ्या फौजेला नवे क्रमांक दिले तेव्हा. म्हणजे एक तर खांबावरचं वाचन चुकतंय, किंवा कुणीतरी नंतरचा क्रमांक मागे चिकटवलाय. ज्याची पलटण धड सांगता येत नाही त्याचा "दिन" साजरा करायचा, हे जरा घाईचंच झालं.

आता त्या नावाचा उपयोग. आज फरशीवर उभं राहिलं तर ते आपल्या डोक्याच्या वर येतं. माणूस नाव कोरतो ते साधारण छाती ते डोळे या उंचीवर. अर्थ उघड आहे: तेव्हा लेण्यात माती, दगड आणि वाहून आलेला गाळ मिळून चार-पाच फूट भराव होता आणि स्मिथ त्यावर उभा होता. १८१९ मध्ये लेणं किती बुजलेलं होतं हे त्या ओरखड्यावरून मोजता येतं. त्यानं ठेवून दिलेली कामाची गोष्ट एवढीच, आणि तीही नकळत.

त्याच दहाव्या लेण्याच्या दर्शनी कमानीवर ब्राह्मीत एक ओळ आहे: "वासिठिपुतस कटहादिनो घरमुख दानं". वासिष्ठीपुत्र कटहादीनं लेण्याचं दर्शनी तोंड दान दिलं. इसवी सनापूर्वीची ही ओळ. त्या माणसानं पैसा ओतला, कमान कोरून घेतली आणि मग नाव लिहिलं. स्मिथनं चित्र खरवडून नाव लिहिलं. गाइड लोक पर्यटकांना दुसरं नाव आवर्जून दाखवतात. पहिल्या नावापाशी कुणी थांबताना दिसत नाही. हे उलटं व्हायला हवं.

"लेणी हरवली होती" हेही तपासून बघू. सातव्या शतकात चिनी प्रवासी ह्युएन त्संगनं महाराष्ट्राच्या वर्णनात डोंगरकपारीतल्या कोरीव संघारामाबद्दल, म्हणजे बौद्ध मठाबद्दल, लिहिलंय, आणि ते अजिंठ्याचंच वर्णन असल्याचं बहुतेक अभ्यासक मानतात. सव्विसाव्या लेण्यात राष्ट्रकूट काळातला लेख आहे. पुढं वस्ती उठली, पण जवळच्या लेणापूर या गावाचं नावच सगळं सांगून जातं. इंग्रजांचं म्हणाल तर ते १८१९ मध्ये या भागात नवखे नव्हते. २३ सप्टेंबर १८०३ ला भोकरदनजवळ असईची लढाई झाली आणि इंग्रज सेनापती वेलस्लीच्या फौजेतल्या जखमींना ठेवलं ते अजिंठा गावाच्या तटबंदीत. गाव घाटावर, लेणी घाटाखाली, मध्ये दहा-बारा किलोमीटर. म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीची माणसं सोळा वर्षं आधी उंबऱ्यापर्यंत येऊन गेली होती.

स्मिथच्या बाजूचा खरा मुद्दा वेगळा आहे आणि तो मानला पाहिजे. गावाला ठाऊक असणं आणि लेण्याची नोंद होणं, अभ्यास होणं, या दोन गोष्टी आहेत. नोंद झाल्याशिवाय जतन होत नाही. कबूल. पण ती नोंद स्मिथनं केली का? १८२२ मध्ये विल्यम अर्स्किननं मुंबईच्या लिटररी सोसायटीत या लेण्यांची माहिती मांडली. १८२४ मध्ये जेम्स अलेक्झांडर येऊन गेला, त्यानं लिहिलं. १८३९ मध्ये जेम्स फर्ग्युसन आला. १८४३ मध्ये त्यानं लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत निबंध वाचला आणि चित्रं नष्ट होण्याआधी नकला करून घ्या म्हणून कंपनीच्या मागे लकडा लागला. लेण्यांना एका टोकापासून ओळीनं क्रमांक देण्याची पद्धतही त्याच्यापासूनची. ते क्रमांक काळानुसार नाहीत, सर्वात जुनी लेणी ९ आणि १० मधोमध आहेत. पहिल्यांदा येणारा इथंच फसतो, १ नंबर म्हणजे सर्वात जुनं असं धरून चालतो. १८४४ मध्ये चित्रांच्या नकला करायला मेजर रॉबर्ट गिलची नेमणूक झाली. ओरखड्यापासून सरकारी कामापर्यंत पंचवीस वर्षं गेली, आणि त्यात स्मिथचा वाटा शून्य.

त्या पंचवीस वर्षांत काय झालं, यावर उत्सववाले गप्प असतात. डॉ. बर्ड नावाच्या अंमलदारानं चित्रातल्या आकृती भिंतीवरून सोलून न्यायचा प्रयत्न केला. हाती आली भुकटी.

भुकटी का झाली हे कळायला भिंत कशी केलेली आहे ते बघावं लागतं. आधी बेसाल्टवर छिन्नीचे ओबडधोबड घाव राखले, म्हणजे गिलावा धरून राहील. त्यावर मातीचा जाड थर, त्यात भाताचं तूस, गवताचे तंतू आणि बारीक खडी. त्यावर मऊ मातीचा दुसरा हात. मग अंड्याच्या टरफलाइतका पातळ पांढरा लेप. तो वाळल्यावर गेरूनं रेखाटन आणि मग सरस-डिंकासारख्या चिकट द्रव्यात कालवलेले रंग: गेरू, पिवळी माती, काजळी, इथल्याच दगडातून मिळणारी हिरवी माती आणि निळ्यासाठी अफगाणिस्तानातून आलेला लाजवर्द हा निळा दगड. युरोपातल्या भित्तिचित्रांत ओल्या चुन्यावर रंग लावतात, तो चुन्यासोबतच दगडासारखा घट्ट होतो. इथं रंग कोरड्या पृष्ठभागावर नुसता चिकटलेला आहे. पाणी लागलं की सुटतो. पावसाळ्यात खालची माती फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि रंगाचे पापुद्रे निघतात. सोलायला गेलात तर खालची माती सुटून सगळं कोसळतं.

गिल आणि त्याच्यानंतर जे. जे. स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स (१८७२ ते १८८५) यांचं नकलांचं काम अफाट होतं. पण दोघांच्याही काळात चित्रांवर वार्निश लागलं. कारण साधं होतं. धुरानं, धुळीनं काळवंडलेल्या भिंतीवर वार्निश फिरवलं की रंग त्या क्षणी खुलतो, नक्कल करणाऱ्याला सगळं दिसतं. पुढं वार्निश पिवळं पडतं, खालची काजळी आतच कोंडते आणि वाळताना आक्रसून ते रंगाचा थर ओढून काढतं. १९२० नंतर निजाम सरकारनं इटलीहून बोलावलेल्या सेक्कोनी आणि ओर्सिनी या तज्ज्ञांनी भिंतीपासून सुटलेला गिलावा पुन्हा चिकटवला. ते काम चांगलं होतं, त्यामुळेच पुष्कळ चित्रं आज जागेवर आहेत. वरून मात्र लाखेचं शेलॅक दिलं आणि तेही पिवळं पडलं. "अजिंठ्याचे रंग तपकिरी-पिवळसर" असं जे आपल्या डोक्यात बसलंय, त्यातला बराच पिवळेपणा या थरांचा आहे. पुरातत्त्व खात्याचे रसायनतज्ज्ञ ते द्रावकं वापरून, तळहाताएवढा भाग घेत घेत काढत आलेत. ९ आणि १० मध्ये असे थर निघाल्यावर खालची जुनी चित्रं वाचता यायला लागली.

एवढं सोसून केलेल्या नकलांचं काय झालं? गिलच्या बहुतेक १८६६ मध्ये लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत गेल्या. ग्रिफिथ्सच्या पुष्कळशा १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टनच्या आगीत. दोन्ही वेळा नकला विलायतेत जळल्या आणि वार्निश इथं भिंतीवर राहिलं. याला काय म्हणायचं ते ज्याचं त्यानं ठरवावं.

मग मान कुणाला द्यायचा? माझ्या लेखी पहिलं नाव भाऊ दाजी लाडांचं. १८६०च्या दशकात त्यांनी इथले शिलालेख वाचले, सोळाव्या लेण्यातल्या वाकाटक राजघराण्याच्या लेखासकट. पुढं १९४१ मध्ये वा. वि. मिराशी यांनी त्याच लेखाचा सुधारलेला पाठ आणि अर्थ दिला. हे लेणं हरिषेण राजाचा सचिव वराहदेव यानं करवलं, हे आपण आज बिनधास्त सांगतो ते या मेहनतीवर. दुसरं नाव गुलाम यझदानी, हैदराबाद संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे १९१४ पासूनचे प्रमुख. अजिंठ्यावरचे त्यांचे चार खंड १९३० ते १९५५ या काळात निघाले. आणि तिसरं सय्यद अहमद, ज्यांनी आयुष्य या भिंतींसमोर नकला करण्यात आणि त्या सांभाळण्यात घालवलं. मराठवाड्यातल्या किती शाळांत ही तीन नावं सांगितली जातात? गिलबद्दलही बोलायचं असेल तर त्याच्या आणि पारू या स्थानिक तरुणीच्या प्रेमापलीकडे त्याचं काम बघा. वार्निशचा दोष धरूनही तो स्मिथपेक्षा कितीतरी मोठा ठरतो.

शाळेची सहल काढून मुलांना हा वाद प्रत्यक्ष दाखवायचा असेल, तर फर्दापूरच्या टी पॉइंटवरून बसनं वर गेल्यावर आधी थेट दहाव्या लेण्यात जावं. बाहेर उभं राहून कमानीवरची ब्राह्मी ओळ, मग आत आल्यावर स्मिथचं नाव किती उंचीवर आहे ते. एका मुलाला खांबापासून लांब उभं करून अंदाज घ्यायला लावा, भरावाचं गणित मुलं स्वतः मांडतात. खांबाला हात लावू देऊ नका, फ्लॅश बंद. मग सोळाव्यात वराहदेवाचा लेख आणि शेवटी पहिल्या लेण्यात, निळा आणि हिरवा रंग कुठं पिवळसर झाकोळलाय ते बघायला. तास-दीड तास पुरतो. एप्रिलअखेरचं ऊन बघता सकाळी लवकर पोहोचलेलं बरं.

आणि "शोध दिन" साजरा करायला २८ एप्रिललाच जायचा हट्ट असेल तर आधी कॅलेंडर बघा. अजिंठा लेणी सोमवारी बंद असतात, आणि २०२५ साली २८ एप्रिल नेमका सोमवारी आला होता.