होल्डन : ओढ्याच्या पाण्यावर चालणारं गाव

होल्डन हे अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातलं डोंगरातलं गाव. सिएटलहून शिलान गावापर्यंत साडेतीन-चार तास गाडी, पुढे बोट आणि मग पिवळी स्कूल बस. होल्डनला थेट गाडीरस्ता नाही. बोटीची वेळ मात्र गाठायचीच, कारण चुकली तर त्या दिवसाचा बेत बोंबलला. आम्ही फील्ड्स पॉइंटच्या धक्क्यावर सात मिनिटं आधी पोचलो, तेही धापा टाकत. सगळं खापर माझ्या कॉफीवर फुटलं.

शिलान सरोवर ऐंशी किलोमीटर लांब आणि साडेचारशे मीटरहून खोल. ल्यूसर्नच्या धक्क्यावर बोटीतून उतरल्यावर बस घाट चढायला लागली. पहिल्या दोन वळणांत साताऱ्याहून आलेली आई म्हणाली, "पसरणीचाच घाट की हा!" पुढच्या वळणाला मात्र तिने समोरचा दांडा घट्ट धरला.

गावाखालून रेलरोड क्रीक नावाचा ओढा वाहतो. नावात रेल्वे आहे, रूळ मात्र कुठेच नाहीत. इथे 1938 ते 1957 तांब्याची खाण चालली. ती बंद पडल्यावर रिकामं गाव 1960 च्या सुमारास ल्यूथरन या ख्रिस्ती पंथाच्या मंडळींना मिळालं. तेव्हापासून हे त्यांचं शिबिरस्थान आहे. खाणकामगारांच्या त्याच लाकडी घरांत आता पाहुणे राहतात. पलीकडच्या काठावर खाणीच्या गाळाचे ढीग आहेत. रिओ टिंटो या खाण कंपनीने मोठा खर्च करून तिथे सफाई केली.

बाहेरून विजेची तार येत नाही. शेजारच्या कॉपर क्रीकचं पाणी पाइपातून खाली येऊन टर्बाइन फिरवतं, गावाची वीज मुख्यतः तीच. ओढ्याला पाणी कमी तर वीज कमी. म्हणून हेअर ड्रायर, इलेक्ट्रिक किटली घरीच ठेवा. आईच्या चहासाठी मी किटली नेली होती, ती गाठोड्यातच राहिली. चहा जेवणघरात मिळाला, पण आल्याशिवायचा. आलं बरोबर न्या.

मोबाइलला रेंज नाही. बोटीत चढण्याआधी घरी फोन करून घ्या. टॉर्च, रेनकोट, लोकरी टोपी ऑगस्टातही लागते. औषधं दोन दिवसांची जास्तीची ठेवा. शाकाहारींचे हाल होत नाहीत, ब्रेड तिथेच भाजतात. जेवण झालं की उष्टं-खरकटं आपणच वेगळं करून टाकायचं. अस्वलांचा वावर आहे, तेव्हा खोलीबाहेर खाऊ ठेवू नका.

चालायचं तर हार्ट लेकची वाट धरा, एका बाजूने साधारण सात किलोमीटर. सकाळी लवकर निघा, मधला उघडा टप्पा दुपारी तापतो. आई टेन माइल धबधब्यापर्यंत आली आणि तिथेच दशमी सोडून बसली.

संध्याकाळी प्रार्थना असते. आम्ही मागच्या बाकावर बसलो. शब्द त्यांचे होते, पण आईने हरिपाठाच्या वेळेसारखा पदर नीट केला.

आमच्या मुलाला विचाराल तर तो फक्त बोलिंगबद्दल, म्हणजे चेंडू घरंगळवून पिना पाडायच्या खेळाबद्दल बोलेल. खाण होती तेव्हाची बोलिंगची जागा अजून चालू आहे. पिना मात्र हाताने उभ्या कराव्या लागतात. पलीकडच्या टोकाला कुणीतरी कठड्यावर पाय वर घेऊन बसतो, चेंडू आदळला की उडी मारून खाली उतरतो, पिना लावतो आणि चेंडू उताराच्या पट्टीवरून परत सोडतो. चिरंजीव तासभर तिथेच होते, खेळायला आलेच नाहीत. परतीच्या बसला त्याला अक्षरशः ओढून आणावं लागलं. मुलं बरोबर असतील तर निघायच्या दिवशी तिकडे फिरकू नका.