बर्फाखालची वस्ती आणि आमच्या आई

'झूटोपिया २' या प्राण्यांच्या शहरावरच्या ॲनिमेशनपटाला मी लेकीसाठी गेले. सोबत सासूबाईंना, म्हणजे आमच्या आईंना नेलं, कारण त्यांना घरी एकटं ठेवलं की त्या माडावरून नारळ पाडणाऱ्या पाडेल्याच्या मागे उन्हात नारळ मोजत उभ्या राहतात. २८ नोव्हेंबर २०२५ला, गोव्याचा चित्रपट महोत्सव 'इफ्फी' संपला त्याच शुक्रवारी, सिनेमा लागला होता. आम्ही जुन्या गोव्याच्या फेस्ताची गर्दी ओसरल्यावर गेलो आणि हिंदी खेळ धरला. ज्यूडी सशीणीला श्रद्धा कपूरचा आवाज आहे, छान बसलाय.

पहिला भाग २०१६चा, पण गोष्ट त्याच्या लगोलग सुरू होते. ज्यूडी आणि निक कोल्हा आता पोलिसात जोडीदार आहेत, आणि दोघांचं पटता पटत नाही. त्यांना समुपदेशनाला पाठवतात त्या प्रसंगाला पोरांपेक्षा आईबापच जास्त हसले. पाठलाग मात्र अतीच झालेत.

मला आवडलं ते वेगळंच. पहिल्या भागात त्या शहरात सगळे सस्तन प्राणीच होते आणि आपल्या कुणालाच ते खटकलं नव्हतं. मग सरपटणारे गेले कुठे? इथे गॅरी नावाचा निळा साप येतो. (खराच निळा असतो, इंडोनेशियात कोमोडो बेटावर. आपल्या म्हादईच्या रानातला मलबारी चापडा त्याच्याच गोतातला.) गॅरी बिचारा भेटेल त्याला मिठी मारायला बघतो. शहरात बर्फ, वाळवंट असं वेगवेगळं हवामान शेजारी-शेजारी ठेवणाऱ्या भिंती मुळात त्याच्या पणजीने शोधलेल्या. श्रीमंत लिंक्स (रानमांजर) घराण्याने त्या आपल्या नावावर केल्या, आळ सापांवर घातला आणि त्यांची वस्ती बर्फाखाली गाडली. सगळी धावाधाव मूळ पेटंटच्या कागदासाठी.

तोवर पॉपकॉर्नच्या किमतीवर कुरकुरणाऱ्या आईंनी मला कोपराने ढोसलं, "कागद गावला काय गो त्यांना?"

आईंचं माहेर कुर्डी. गायिका मोगूबाई कुर्डीकरांचं गाव, साळावली धरणात बुडालेलं. लोक वाडे आणि वालकिणी इथल्या पुनर्वसन वसाहतींत गेले. मे महिन्यात पाणी उतरलं की सोमेश्वराच्या देवळाकडे जुने गावकरी जमतात. आई तिथे नुसत्या जोत्यावर उभ्या राहून दाखवतात, ही ओसरी, हे न्हाणीघर, इथे तुळस, इथे आतेला विंचू चावला होता. धरण काही कुणी चोरून बांधलं नाही, दक्षिण गोव्याच्या नळांना तेच पाणी येतं. तरी बर्फाखालची वस्ती पडद्यावर दिसली तेव्हा आई नातीला म्हणाल्या, "त्यांचं नशीब. पाण्यात भिंती राहत नाहीत."

खलनायकाचा डाव पहिल्या भागातलाच आहे, गरीब गाय वाटतो तोच उलटतो. लेकीने आधीच ओळखलं. आणि शेवट फार घाईचा. कागद सापडला की सगळे सुखाने परत! एक-चौदावर (म्हणजे गोव्याच्या सातबाऱ्यावर) नाव चढवायला किती खेपा घालाव्या लागतात, ते गोव्यात कुणालाही विचारा.

नावं संपेपर्यंत बसा, अगदी शेवटी एक पीस पडतं. तिसऱ्या भागात पक्षी येणार असं दिसतंय. आईंनी ते बघितलंच नाही. त्या नातीला विचारत होत्या, पेटंट कुठल्या ऑफिसात करतात ते.