अरगॉन-फ्लोरीनच्या जिवावर

दहावीच्या पुस्तकात निष्क्रिय वायू एका परिच्छेदात उरकले होते. बाह्यतम कक्षा पूर्ण, संयुजा शून्य, कोणाशी संयोग नाही. ‘शास्त्रीय कारणे द्या’मध्ये दोन गुणांना यायचे, एवढीच त्यांची किंमत.

आमचे विज्ञानाचे सर मात्र तिथेच अडून बसले. 1962 साली कॅनडातल्या व्हँकुव्हरला रसायनशास्त्रज्ञ नील बार्टलेट यांनी प्लॅटिनम हेक्झाफ्लोराइडची लालभडक वाफ झेनॉन या निष्क्रिय वायूमध्ये सोडली आणि पिवळट-नारिंगी पदार्थ तयार झाला, हे सरांनी फळ्यावर लिहिलं. त्या वाफेने ऑक्सिजनच्या रेणूचाही इलेक्ट्रॉन काढून घेतल्याचं बार्टलेटना आधीच दिसलं होतं. झेनॉनचा काढायलाही जवळपास तेवढीच ऊर्जा लागते, मग करून बघू, इतका सरळ तर्क. तास संपताना सर म्हणाले, “पेपरात मात्र पुस्तकातलंच लिहा रे!”

आज मी चष्म्याचा नंबर घालवणारी लेसर यंत्रं दुरुस्त करतो. त्यांच्या पोटात अरगॉन, किंचित फ्लोरीन आणि बाकी भरीला दुसरा निष्क्रिय वायू असतो. झेनॉनची फ्लोराइडं निदान डब्यात भरून ठेवता येतात. इथे तेही नाही. विजेचा जबरदस्त झटका बसला की अरगॉनचा एक इलेक्ट्रॉन वरच्या कक्षेत चढतो, आणि अरगॉन तक्त्यातल्या पुढच्याच पोटॅशियमसारखा वागू लागतो. म्हणजे फ्लोरीनला इलेक्ट्रॉन देऊन टाकतो. जोडी जमते ती काही नॅनोसेकंदांपुरती. 193 नॅनोमीटरचे अतिनील किरण बाहेर पडतात आणि खालच्या पातळीवर येताच दोन्ही अणू एकमेकांना ढकलून सुटे होतात. हे संयुग टिकाऊ असतं तर खालची पातळी भरून जाऊन लेसर चालणं अवघड झालं असतं. खालची पातळी कायम रिकामी राहते, सगळी गंमत त्यातच आहे.

बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचा जेमतेम पाव मायक्रॉन थर या किरणांच्या एका स्पंदात उडतो, शेजारचा भाग भाजत नाही. हे आधी ताडून पाहिलं ते 1981 साली अमेरिकेत, मूळचे आपल्या मद्रासकडचे रंगस्वामी श्रीनिवासन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. तेही सणाच्या जेवणातून उरलेल्या टर्की पक्ष्याच्या तुकड्यांवर!

माझा रोजचा वैताग फ्लोरीनचा. तो यंत्राच्या आतल्या धातूलाही सोडत नाही, स्वतः हळूहळू संपतो आणि ऊर्जा घसरते. “पॉवर पडलीय हो,” असा फोन आला की माझा पहिला प्रश्न ठरलेला: गॅस कधी बदललाय?

शाळेने बोलावलं तर हे सगळं मुलांना फळ्यावर काढून दाखवायला आनंदाने येईन. सिलिंडर मात्र आणणार नाही. फ्लोरीन घेऊन एसटीत कोण बसू देईल?