मोनेचा गुरू वगैरे ठीक आहे, पण आधी त्याचे ढग बघा

पॅरिसला गेलेली मंडळी चित्रकार मोनेची बाग बघायला जिवर्नीला जातात. आम्ही ते सोडून सां-लाझार स्टेशनवरून ल हाव्रची ट्रेन धरली, कारण मला यूजेन बूदँची चित्रं बघायची होती. नवरा म्हणाला कोण हा? मी म्हटलं मोनेचा गुरू. खरं तर अशी ओळख करून देणं मला आवडत नाही, पण त्याशिवाय कोणी ट्रेनमध्ये बसत नाही ना.

तिथून बस. सीन नदी समुद्राला मिळते तिथे नॉर्मंडी पूल आहे, दोन किलोमीटरहून लांब, तो ओलांडला की ऑनफ्लर. जुनी गोदी, तिच्या काठाने उंच चिंचोळी घरं, आणि सेंट कॅथरीनचं लाकडी चर्च, जे जहाजं बांधणाऱ्या सुतारांनी बांधलंय, त्यामुळे आत मान वर केली की छप्पर थेट उलट्या ठेवलेल्या होडीसारखं दिसतं.

बूदँ इथे 1824 साली जन्मला. वडील खलाशी, पोरगा लहानपणीच त्यांच्या बोटीवर पोऱ्या म्हणून लागला, मग कुटुंब ल हाव्रला गेलं आणि तिथे त्याने पुढे भागीदारीत स्टेशनरी आणि फ्रेमचं दुकान टाकलं. गावात येणारे चित्रकार फ्रेमसाठी याच दुकानात यायचे, मिलेसुद्धा, आणि त्यांची चित्रं बघून हाही रंगवायला लागला. 1851 मध्ये ल हाव्र नगरपालिकेने तीन वर्षांची स्कॉलरशिप देऊन पॅरिसला धाडलं. शिकला, पण मन रमलं ते इकडेच, नंतरही हिवाळा पॅरिसला आणि उन्हाळा समुद्रावर असंच आयुष्यभर चाललं.

मोनेची गोष्ट पण फ्रेमच्या दुकानातलीच. 1858 च्या आसपास हा सतरा-अठरा वर्षांचा पोरगा लोकांची व्यंगचित्रं काढून तिथे विकायचा आणि शेजारी टांगलेली बूदँची समुद्रचित्रं त्याला अजिबात आवडायची नाहीत! बूदँ मात्र त्याला उघड्यावर रंगवायला घेऊन गेला, आणि पुढचं सगळं जगाला माहितीये.

त्याची पुढे जास्त विकली गेली ती त्रुव्हिलच्या बीचची चित्रं, घेरदार झगे घालून खुर्च्यांवर बसलेली पॅरिसची श्रीमंत मंडळी. छान आहेत, पण मला त्यातली माणसं लक्षातच राहत नाहीत, वरचं अर्ध्याहून जास्त आकाश राहतं. त्याला स्वतःलाही मध्येच फ्रान्सच्याच ब्रिटनी भागातून परतल्यावर ही हौशी गर्दी म्हणजे नुसतं सोंग वाटायला लागलं होतं, तरी रंगवत राहिला, घर चालवायचं होतं.

ऑनफ्लरमध्ये त्याच्या नावाचं म्युझियम आहे, पण मी खरी अडकले ती ल हाव्रच्या मुमा म्युझियममध्ये. त्याच्या मृत्यूनंतर भावाने 1900 साली दोनशेच्या वर अभ्यासचित्रं या गावाला दिली. गाई, होड्या, ढग, परत गाई, परत ढग. अर्ध्या तासात उरकलेली असावीत अशी. कवी बोदलेअरने 1859 मध्ये त्याचे पेस्टलमधले, म्हणजे रंगीत खडूतले, ढग बघून लिहिलं होतं की बाजूला तारीख, वेळ आणि वारा नोंदलेला असतो, 8 ऑक्टोबर, दुपार, वायव्येचा वारा. खलाशाचा पोरगा, वारा बघणारच! म्युझियमच्या काचेतून खरा समुद्र दिसतो, त्यामुळे मी एकदा भिंत एकदा खिडकी असं करत बसले, नवरा कॉफी पिऊन आला तरी तिथेच.

1874 च्या पहिल्या इम्प्रेशनिस्ट, म्हणजे मोनेच्या गटाच्या, प्रदर्शनात बूदँ होता, पण नंतरच्यांत नाही. सरकारी मानसन्मान साठीनंतर आले, 1889 चं सुवर्णपदक, 1892 ला लीजन ऑफ ऑनर. 1898 च्या ऑगस्टमध्ये दोव्हिलच्या घरी वारला, पुरलं मात्र पॅरिसला, मोंमार्त्रमध्ये. हे मला पटलेलं नाही.

जाणार असाल तर: सोमवारी मुमा बंद असतं, मंगळवारी ऑनफ्लरचं म्युझियम, तेव्हा बुधवारपासून पुढेच जा. आणि ढगाळ दिवस असला तर अजिबात रद्द करू नका.