नोंद पाचवी: हरवलेले चार फूट

मागच्या नोंदीत बेसबॉलमधल्या फास्टबॉलच्या (वेगवान फेकीच्या) उभ्या विचलनाचा, म्हणजे केवळ गुरुत्वाकर्षणाने पडला असता त्यापेक्षा चेंडू किती वर राहतो याचा, माझा आकडा स्टॅटकास्ट या अमेरिकी लीगच्या चेंडू-मापन यंत्रणेच्या आकड्यापेक्षा दर वेळी दोनेक इंचांनी कमी येत होता आणि त्याचे खापर मी बिनदिक्कत हवेच्या घनतेवर फोडले होते. फोंड्याच्या पावसाने लागोपाठ तीन रविवार घरात बसवले, तेव्हा स्प्रेडशीटचा एकेक रकाना पुन्हा तपासला. चूक मोजणी कुठून सुरू करायची, यात निघाली.

सार्वजनिक आकडेवारीत प्रत्येक चेंडूचे तीन दिशांचे वेग आणि तीन दिशांची त्वरणे दिलेली असतात, मात्र ते वेग होम प्लेटच्या (बॅटर जिच्याशेजारी उभा राहतो त्या पाटीच्या) मागच्या टोकापासून ५० फुटांवरचे असतात. पिचरची (चेंडू फेकणाऱ्याची) पट्टी त्या टोकापासून ६० फूट ६ इंचांवर असते, पण पिचर पुढे झेपावून फेकत असल्यामुळे चेंडू हातातून सुटतो तो साधारण ५४ फुटांवर. मी उड्डाणाचा काळ ५० फुटांपासून धरत होतो, म्हणजे पहिले चार फूट हिशेबातच नव्हते. ०.०३ सेकंदाने काय बिघडणार, असे वाटत होते. विचलन काळाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे शाळेत शिकलेले ऐन वेळी आठवले नाही.

पडताळणीसाठी एक चेंडू मनानेच घेतला. ५० फुटांवर त्याचा प्लेटच्या दिशेचा वेग सेकंदाला १३५ फूट, म्हणजे ताशी सुमारे ९२ मैल. हवेच्या अवरोधाने होणारे मंदन २८ फूट प्रति सेकंद वर्ग. आणि खालच्या दिशेचे त्वरण १६. गुरुत्वाकर्षण एकटे असते तर ते ३२.१७ असते, म्हणजे उरलेले १६.१७ चेंडूला वर धरून ठेवत आहे. हे सगळेच श्रेय फिरकीचे नाही, कारण चेंडू खाली झुकत येत असल्याने अवरोधाचाही थोडा भाग वरच्या दिशेने लागतो, पण रूढ आकड्यात तो वेगळा काढत नाहीत. ५० फुटांपासून प्लेटच्या पुढच्या कडेपर्यंत ०.३७४ सेकंद लागतात आणि विचलन १३.६ इंच येते. ५४ फुटांपासून मोजले की ०.४०४ सेकंद आणि १५.८ इंच. माझे दोन इंच इथे होते.

याच ओघात दुसरे कोडे सुटले. स्टॅटकास्टच्या आधीच्या पिच-एफ-एक्स यंत्रणेच्या काळातील लेखांत उत्तम फास्टबॉललाही नऊ-दहा इंच दिलेले दिसत आणि तेव्हाचे पिचर कमी पडत होते की काय, अशी मला शंका येई. त्या पद्धतीत विचलन शेवटच्या ४० फुटांतलेच मोजत असत. वरचाच चेंडू तसा मोजला तर ८.७ इंच भरतो. जुने आणि नवे आकडे शेजारी मांडून पिचरांची तुलना करणाऱ्यांनी आधी हे पाहावे.

पावसाने उघडीप दिली त्या संध्याकाळी घरामागच्या भाटात भाच्याला घेऊन गेलो. टेनिस बॉलचा अर्धा भाग काळ्या मार्करने रंगवला होता आणि मोबाइलवर सेकंदाला २४० चौकटी लावल्या होत्या. पोर लेगस्पिनर; मनगट वळवल्याशिवाय त्याला चेंडू सोडताच येत नाही, त्यामुळे पहिले सात-आठ चेंडू बंदुकीच्या गोळीसारखे उड्डाणाच्याच रेषेभोवती फिरत गेले. अशी फिरकी कितीही जोरात असली तरी चेंडू वळवत नाही, आणि सक्रिय फिरकी (फिरकीतला चेंडू वळवणारा भाग) वेगळी का मोजतात, हे त्या चौकटींत दिसले. शेवटी एक चेंडू स्वच्छ उलट्या फिरकीने (बॅकस्पिनने) गेला. अशी फिरकी चेंडूला वर धरते, हे भाच्याने माझ्याकडून ऐकले होते. तो मोबाइलवर पाहून भाचा म्हणाला, “मामा, हा वर कुठे जातोय? पडतोच आहे की!”

त्याचे बरोबर आहे. माझ्या गणितातला चेंडूही गुरुत्वाकर्षणाने ३१.५ इंच पडला असता, त्याऐवजी १५.७ इंच पडला. बॅटरला तो उसळल्यासारखा वाटतो, कारण त्याच्या नजरेला अधिक पडण्याची सवय असते. १५.८ हा आकडा मैदानात कुठेच दिसत नाही, तो प्रत्यक्ष चेंडू आणि केवळ गुरुत्वाकर्षणाने पडणारा काल्पनिक चेंडू यांच्यातले अंतर आहे.

आता प्लेटवर शिरतानाचा कोन हाती घेतला आहे. ५० फुटांवर खाली येण्याचा वेग सेकंदाला ५ फूट धरला, तर वरच्या चेंडूचा कोन उणे ५ अंश येतो. विचलन तेवढेच ठेवून हात एक फूट खाली आणला की हा कोन किती सपाट होतो, याचा रकाना अर्धा भरून झाला आहे.