आमची वाटचाल : पेटी, मोट आणि एक थकलेलं बिल

सातारा, जावळी, पाटण या भागातल्या शाळांत आम्हाला 'पेटीवाल्या ताई' म्हणतात. धंद्याचं उद्यम रजिस्ट्रेशन आहे, लेटरहेड आहे, करंट अकाउंट आहे, पण एका शाळेच्या शेरेबुकात सरळ 'पेटीवाल्या ताई येऊन गेल्या, मुले खूश' एवढंच लिहिलंय आणि मला ते लेटरहेडपेक्षा आवडतं. पहिली ते चौथीच्या पोरांना इतिहास हातात द्यायचा, हा आमचा धंदा. भाषण नाही, पोवाड्याची सीडी नाही, पेटी उघडायची आणि वस्तू बाहेर काढायच्या.

सुरुवात मावळ्यांपासून झाली. सासरे दिवाळीत राजवाड्यासमोर मातीचे मावळे, तोफा, हत्ती घेऊन बसायचे, किल्ल्यावर ठेवायला पोरं घेऊन जायची, मी लग्न होऊन आल्यावर रंगकाम माझ्याकडं आलं. एका दिवाळीत एक रिटायर्ड झेडपीचे गुरुजी आले, मावळा उचलला आणि भांडायलाच लागले की मावळ्याच्या पायात बूट कसले, कुठल्या पलटणीतला हा? सासरे म्हणाले गुरुजी साचाच तसा आहे, वीस रुपयांत बूट काय नि चप्पल काय. गुरुजी गेले नाहीत, तिथंच स्टुलावर बसून राहिले, येणाऱ्या प्रत्येक पोराला विचारत होते, हा कोण, याच्या हातात काय, हा जेवायला काय खात असेल. त्या दिवशी आमचा माल दुपारीच संपला. पुढं हेच गुरुजी माझे पार्टनर झाले, पैसा त्यांनी थोडा घातला पण नियम भरपूर घातले. पहिला नियम असा की पोराच्या हातात वस्तू गेल्याशिवाय आपण तोंड उघडायचं नाही, आधी पोर बोलेल मग आपण.

पेटीत काय असतं ते सांगते, कारण आता ज्याला त्याला वाटतंय की चार तलवारी नि एक जिरेटोप घेतला की झालं.

बोरू, म्हणजे जुनी लेखणी, आणि दौत. बोरू आम्ही स्वतः कापतो, टोक तिरकं छाटायचं, मधे चीर द्यायची, चीर जास्त गेली की शाई गळते आणि कमी गेली की उमटतच नाही. पोरं मोडीत आपलं नाव गिरवतात, कित्ते गुरुजींच्या हातचे. मापं आहेत, चिपटं, मापटं, शेर, अधोली, पायली. चार शेरांची पायली हे पाठ करून घेण्यात काही अर्थ नाही, पोरानं तांदूळ ओतून स्वतः मोजलं की परत विचारावं लागत नाही. मग त्याच पायलीत आधी तांदूळ आणि नंतर चुरमुरे भरून वजनकाट्यावर ठेवायला लावते, तिथं पोरांचे डोळे मोठे होतात, माप तेच पण वजन वेगळं कसं? एकदा एक आजी नातवाला सोडायला आल्या होत्या त्या मधेच उठल्या, म्हणाल्या ही पायली लहान आहे, आमच्या गावची मोठी होती. गुरुजी खूश! म्हणाले बघा, म्हणूनच सरकारनं १९६२ पासून किलो-लिटर सक्तीचं केलं, गावागणिक पायली बदलायला लागली तर व्यापार कसा व्हायचा. आजींनी मात्र शेवटपर्यंत मान्य केलं नाही.

आणि मोट, म्हणजे बैलांनी विहिरीतून पाणी ओढायची चामड्याची पिशवी. मोटेवर माझा जीव आहे.

लिंबला आपली बारा मोटेची विहीर आहे, साताऱ्याजवळच. विरूबाई भोसल्यांनी १७१९ ते १७२४ च्या दरम्यान बांधली, शाहू महाराजांच्या काळात. आत जायला जिना, वरती चक्क महाल. सहली जातात, पोरं वाकून पाणी बघतात, सेल्फी काढतात आणि येतात. बारा मोटा म्हणजे काय हे विचारलं की पोरं म्हणतात मोटार. चूक त्यांची नाही, मोट बघणार कुठं, आता विहिरीवर पंप नि स्टार्टर. म्हणून मोट करायचं ठरवलं. चपला शिवणाऱ्या मामांकडून चामड्याची लहान मोट शिवून घेतली, सोंडेसकट, साधारण पाच लिटर पाणी मावेल एवढी. सुतारमामांनी बाभळीचं चाक नि कणा करून दिला, खाली निळं पिंप म्हणजे विहीर, पुढं फळीचा उतार म्हणजे धाव, वर पत्र्याचं थारोळं, म्हणजे पाणी पडायचं कुंड. दोन पोरं बैल होतात, नाडा खांद्यावर घेऊन उतारावरून खाली चालत जातात तशी मोट वर येते, वर आली की सोंडेची बारीक दोरी सोंड थारोळ्यात ओढते आणि भसकन पाणी पडतं. मग खरी मजा, कारण मोट परत विहिरीत सोडायला बैलांना मागं मागं चालत वर यावं लागतं. दुसरीतली पोरं उलटी चालताना एकमेकांवर पडतात, हसतात, आणि मग एखादं पोर विचारतंच, "ताई, बैलांना कुणी शिकवलं उलटं चालायला?" या प्रश्नाला माझ्याकडं फार चांगलं उत्तर नाही पण असा प्रश्न पडला की माझे त्या दिवसाचे पैसे वसूल. चामड्याला एरंडेल लावायला विसरू नका, सुकलं की तडकतं, हे कुणी करणार असेल त्याच्यासाठी सांगून ठेवते.

मधली बरीच वर्षं चांगली गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही. छोटा हत्ती टेम्पो घेतला, हप्ते फिटत होते, दोन पोरी कामाला ठेवल्या. २०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या, पहिली ते चौथीचे वर्ग २०२१ च्या डिसेंबरात उघडले, ते सगळ्यांनीच भोगलंय, आम्ही मावळे विकून काढलं.

खरा फटका नंतर बसला. आमची सगळ्यात मोठी शाळा, इंग्लिश मिडियम, नाव घेत नाही, वर्षाला दोन टर्मचं काम ठरलेलं, निम्मा धंदा त्यांच्याकडनं. जुलै २०२४ मध्ये लंडनहून वाघनखं साताऱ्याच्या संग्रहालयात आली, गर्दी झाली, चांगलंच झालं, शाळांना एकदम इतिहास आठवला. पण आठवला तो वाघनखांपुरता. त्याच्या आधीच्या टर्मला आमच्या कार्यक्रमात एक गृहस्थ मागच्या बाकावर बसून सगळं मोबाइलवर शूट करत होते, मी समजले कुणाचे तरी पालक आहेत, चहा पण दिला. नंतर कळलं, बाहेरगावची एक पार्टी आहे, फुगवायचा डोम, आत प्रोजेक्टर, धूर सोडायचं मशीन, मोठे स्पीकर. आमची पिढ्यांची रांग, म्हणजे पोरं हात धरून उभी करून मागच्या पिढ्या मोजायचा खेळ, त्यांनी जशीच्या तशी उचलली होती, वर आपलं बॅनर लावून. रेट आमच्यापेक्षा कमी आणि प्रत्येक पोराला प्लास्टिकची वाघनखं फ्री.

शाळेनं आम्हाला साधं कळवलंसुद्धा नाही. मी टर्मची तारीख विचारायला गेले तेव्हा ग्राउंडवर डोम फुगवलेला होता. आतून आरडाओरडा, बाहेर पहिलीतली दोन पोरं रडत उभी, अंधाराला आणि धुराला घाबरलेली, आणि एक तिसरीतला दुसऱ्याच्या गालावर ती प्लास्टिकची नखं ओढत होता. आमचं मागच्या दोन टर्मचं बिल बाकी होतं, ऑफिसात दीड तास बसवलं, मग क्लार्क म्हणाला मॅडम मीटिंगमध्ये आहेत, बिल अकाउंटला पाठवलंय. त्यांचं बघून आणखी चार शाळा गेल्या. वर ऐकवलं काय तर "ताई, तुमच्यात थ्रिल नाही." सहा वर्षांच्या पोराला थ्रिल म्हणून माणसाचं पोट फाडायचं दाखवायचं का, तुम्हीच सांगा. प्रतापगड सांगूच नये असं माझं म्हणणं नाही, चौथीच्या पुस्तकात आहेच आणि आपल्या जिल्ह्यातला आहे, १० नोव्हेंबर १६५९ हे आम्हीपण सांगतो, पण चौथीला सांगतो आणि आधी जावळीचं रान, वाटा, हेर हे सांगतो. डोंगर समजला तरच लढाई समजते.

छोटा हत्ती विकला. दोघींपैकी एकीला थांबवावं लागलं, ती आता पोवई नाक्यावर मेडिकलमध्ये आहे, भेटली की अजून मोटेचं विचारते. पेटी घेऊन एसटीनं जायला लागले, एका कंडक्टरनं मोटेचं लगेज लावलं, पावतीवर काय लिहू विचारलं, मी म्हटलं मोट लिहा, त्यानं 'चामडी पिशवी' लिहिलं.

त्या दिवसांत ज्यांनी धरून ठेवलं त्या म्हणजे जावळीतल्या एका दोनशिक्षकी झेडपी शाळेच्या बाई. पट इतका कमी की दरवर्षी शाळा राहते का जाते ही धाकधूक, पण बाईंनी आमचं एकही वर्ष चुकवलं नाही. थोडे पैसे शाळा अनुदानातून, थोडे लोकवर्गणीतून, आणि वर घरचा तांदूळ. त्यांचं बिल कधी थकलं नाही. पेटी नुसती बघत बसणाऱ्यातल्या त्या नाहीत, त्यात भर घालतात. एकदा मी पोचायच्या आधीच त्यांनी कपाटातून शाळेचं जुनं जनरल रजिस्टर काढून टेबलावर ठेवलं होतं, पानं पिवळी, कडा वाळवीनं खाल्लेल्या. म्हणाल्या आज पेटी नंतर, आधी हे. प्रत्येक पोरानं आपल्या आजोबांचं नाव शोधायचं. तिसरीतली एक मुलगी बोट फिरवत फिरवत थांबली, आडनाव तिचं, गाव तेच, शाळा सोडल्याचं कारण या रकान्यात लिहिलेलं, 'गुरे राखणे'. ती पळत घरी गेली आणि आजोबांनाच घेऊन आली! ते दारातच उभे राहिले, आत येईनात, म्हणाले मी दुसरीतनंच सुटलो, आत बसायचा माझा हक्क नाही. बाईंनी त्यांना नातीशेजारी बसवलं. मग मी सांगितलं की असंच एक रजिस्टर साताऱ्यात आहे, ७ नोव्हेंबर १९०० ला त्यात १९१४ नंबरला भिवा नावाच्या मुलाची नोंद झाली, पुढं तो मुलगा डॉ. बाबासाहेब आंबेडकर झाला, आणि त्या तारखेला आपण विद्यार्थी दिवस करतो. पोरांनी पहिलं काय विचारलं असेल, त्यांचं शाळा सोडल्याचं कारण काय लिहिलंय?

पिढ्यांची रांग तिथंच करून घेतली, ती सांगून टाकते, आता चोरीला गेलीच आहे तर सगळ्यांनीच वापरा. दुसरीच्या पोराला १६७४ सांगू नका, त्याला साल म्हणजे आंब्याची. पंधरा पोरं हात धरून उभी करा. पहिलं पोर म्हणजे तू, दुसरं तुझी आई किंवा बाबा, तिसरं आजी, असं मागं मागं जायचं, एका पिढीला साधारण पंचवीस वर्षं धरली की पंधराव्या पोराजवळ शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक येतो. पंधरावं पोर रायगडावर उभं आहे आणि पहिल्याचा हात दुसऱ्यात, दुसऱ्याचा तिसऱ्यात. डोमवाल्यांनी ही रांग धुरात उभी केली होती, एकाला दुसरा दिसत नव्हता.

वाघनखांचंही बाईंच्याच शाळेत झालं. पोरं संग्रहालयात जाऊन आलेली, एक चौथीतला मुलगा म्हणाला, "ती खरंच महाराजांची कशावरून?" बाईंनी मला खूण केली, उत्तर देऊ नका. त्यांनी फळ्यावर लिहिलं, कुणी सांगितलं, कधी सांगितलं, त्याला कसं कळलं. मग मी सांगितलं की साताऱ्यात ग्रँट डफ नावाचा ब्रिटिश रेसिडेंट, म्हणजे कंपनी सरकारचा प्रतिनिधी होता, १८१८ ला पेशवाई गेली त्यानंतर, त्याला ती भेट मिळाली असं वाघनखांच्या पेटीवर लिहिलंय, आणि लंडनचं म्युझियम स्वतः म्हणतं की हीच ती, हे खात्रीनं सांगता येत नाही. पोरं रुसली नाहीत की महाराजांवरची श्रद्धा कमी झाली नाही. तो मुलगा म्हणाला मग १६५९ ते १८१८ ती कुठं होती हे शोधायला पाहिजे. डोममध्ये असा प्रश्न विचारायला उजेड तरी असतो का?

हेच बाईंनी केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या झेडपी शाळांच्या, शिक्षण परिषदेत मांडलं, मोट घेऊन मला बोलावलं, आणि दोन मोठे गुरुजी बैल झाले, तंबाखू थुंकून यावं लागलं एकाला. तिथून ऑर्डरी सुरू झाल्या, लहान लहान शाळा, लहान रक्कम, पण एकेक करून बऱ्याच झाल्या. टेम्पो नाही घेतला अजून, ज्या शाळेत जायचं त्या शाळेतले सर गाडी पाठवतात. गुरुजींचे गुडघे गेलेत, ते घरी बसून मोडीचे कित्ते करतात आणि फोनवर विचारतात, आज कोण काय बोललं.

नवीन कुणी या धंद्यात येत असेल तर एवढंच, कोटेशनमध्ये वस्तूंचे फोटो टाकू नका, निम्मे पैसे आधी घ्या, आणि मागच्या बाकावर कुणी शूट करत असेल तर चहाच्या आधी नाव विचारा.

परवा त्या मोठ्या शाळेतून फोन आला. नवीन कोऑर्डिनेटर होत्या, म्हणाल्या मॅम, तुमच्याकडे विहिरीचं वर्किंग मॉडेल आहे ना, ॲन्युअल एक्झिबिशनला हवंय. मी म्हटलं आहे, त्याला मोट म्हणतात, आधीच्या दोन टर्मचं बिल अकाउंटला पडलंय ते क्लिअर करा, मग तारीख बघू. त्या म्हणाल्या मीटिंगमध्ये विषय ठेवते.